ब्रेक दाबला की मागच्याला दिसलं पाहिजे

मागच्या जुलैत पसरणी घाट उतरून मी वाईत शिरत होते. पाऊस, धुकं, संध्याकाळचे साडेसहा. नाक्यावर एक टेम्पो शेजारी येऊन थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली आणि म्हणाला, "ताई, गाडी लई भारी ठेवलीय. पण तुम्ही ब्रेक मारल्याला मागं कायबी दिसत न्हाय. घाटात दोनदा तुमच्यावर येता येता ऱ्हायलो." तो रागावला नव्हता, म्हणून जास्तच मनाला लागलं. शेजारच्या सीटवर आई बसली होती. तिचं वय ७९.

गाडी म्हणजे १९७६ची प्रीमिअर पद्मिनी, सगळे जिला फियाट म्हणतात ती, क्रीम रंगाची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८४ साली सेकंडहँड घेतली, कारण नव्या गाडीचं बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायचा धीर त्यांच्यात नव्हता. अण्णा गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. सातारा-पाचगणी, सातारा-पुणे, कधी कराड, अशी महिन्यातून तीन-चार वेळा निघते. पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांप्रमाणे वेगळी विंटेज नोंदणी मिळते, ती करून घे असं पुष्कळांनी मला सुचवलं. पण त्या नोंदणीची गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. ताडपत्रीखाली झाकून ठेवायला मी ती सांभाळलेली नाही. रस्त्यावर चालवायची, तर मागच्याला ती दिसायला हवी. एवढ्या एका गोष्टीपायी मी पुढचे सहा महिने दिव्यांच्या मागे लागले.

आमच्या घरी दिवे तपासायची एक ठरलेली पद्धत होती. अण्णा आत बसून पॅडल दाबायचे आणि आई मागे उभी राहून ओरडायची, "लागला!... गेला!... लागला!" दिवसाउजेडी तपासायचं असेल, तर ती वाकून दोन्ही तळव्यांचा आडोसा करून लाल काचेला डोळा लावायची, तेव्हा कुठे दिसायचं. हे मी लहानपणापासून इतक्यांदा बघितलंय, की ब्रेकलाइट असाच बघायचा असतो अशीच माझी समजूत होती. टेम्पोवाल्याने सांगेपर्यंत त्यात काही चुकीचं आहे हे डोक्यातच आलं नाही.

ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या मागे दुसरी फियाट नाहीतर अँबेसिडर असायची. सगळ्यांचेच दिवे सारखे मंद होते. आज माझ्या मागे जो असतो, त्याच्या डोळ्यांना समोरच्या गाडीचे तीन-तीन भगभगीत ब्रेकलाइट बघायची सवय झालेली असते. त्यात माझा दिवा लागतो, पण त्याच्या लेखी तो लागतच नाही.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या गल्लीत आमचे वायरिंगवाले चाचा बसतात. अण्णांच्या वेळेपासून या गाडीची वायर त्यांच्याशिवाय कुणी धरलेली नाही. मी उत्साहाने म्हटलं, "चाचा, सगळे एलईडी टाकून द्या." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "टाकू की ताई. पण आधी त्या बल्बाला पोटभर करंट मिळतोय का ते तरी बघा."

त्यांनी मागची लाल काच काढली. दोन स्क्रू, त्यातला एक गंजून बसलेला, त्यावर थेंबभर तेल टाकून दहा मिनिटं थांबलो. आत रबराची गॅस्केट बिस्किटासारखी कुरकुरीत होऊन तुटली. बल्ब दाबून फिरवला तर निघेना, फडक्यात धरून काढला. पितळी बुडाला हिरवट पावडर धरलेली. होल्डरच्या तळाशी जी छोटी स्प्रिंग बल्बाला वर ढकलून धरते, तिच्यावरही तीच पावडर. आणि ज्या पत्र्यातून अर्थ, म्हणजे करंटला बॅटरीकडे परत जायची वाट, मिळायची, तिथे कधीतरी गाडी रंगवताना रंगाचा थर चढला होता. रंगातून वीज जात नाही. मग ती इतकी वर्षं जात होती कुठून, तर त्याच गंजक्या स्क्रूच्या आट्यांमधून.

चाचांनी मीटर लावला. मी आत बसून ब्रेक दाबून धरला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, बल्बाच्या होल्डरवर ९.८. मला वाटलं, पावणेतीन व्होल्टच तर कमी आहेत. पण तारेच्या बल्बाचं गणित असं सरळ नसतं. व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड त्याच्या कितीतरी पट उतरतो. ९.८ व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब त्याच्या खऱ्या उजेडाच्या निम्माही उजेड देत नाही, शिवाय तो तांबूस होतो. आमच्या ब्रेकलाइटचं दुखणं मुळात हे होतं. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, रंग खरवडून उघडा केलेला पत्रा आणि होल्डरपासून चेसीपर्यंत वेगळी ओढलेली अर्थची वायर. अर्ध्या दिवसात होल्डरवर ११.९ आले आणि जुन्या बल्बाचाच उजेड दुप्पट झाला. कुणाला जुन्या गाडीत एलईडी टाकायचे असतील तर माझं कळकळीचं सांगणं आहे, हा अर्धा दिवस आधी द्या. एलईडी कमी व्होल्टेजवरही बऱ्यापैकी लागतो, त्यामुळे खालची कुजलेली अर्थ झाकली जाते आणि नंतर कधीतरी भर पावसात दगा देते.

मग एलईडी कशाला हवेत, असं चाचांनीही विचारलं. कारण वेळ. बल्बातली तार तापून पांढरी व्हायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. एलईडीला तापायचं नसतं, करंट मिळाला की उजेड हजर. ताशी ८० किलोमीटरने मागून येणारी गाडी सेकंदाच्या पाचव्या भागात जवळजवळ साडेचार मीटर पुढे येते. माझी अख्खी पद्मिनी लांबीला चार मीटरही भरत नाही. म्हणजे गाडीभरापेक्षा जास्त अंतर, तेही फुकट मिळणारं. खंबाटकीच्या उतारावर हे अंतर मला फार मोलाचं वाटतं.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. 'जुन्या गाडीत एलईडी म्हणजे पाप' असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. उघड्या डोळ्यांनी दिसेल असा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी अमेरिकेत १९६२ साली बनवला. आपली पद्मिनी ज्या फियाट ११०० डी वरून आली, ती इटलीत आली तेही १९६२ सालीच. दोघी एका वर्षाच्या आहेत. त्यांची गाठ उशिरा पडली, एवढंच.

बल्ब आणायला पुण्याला नाना पेठेत गेले. पहिल्या खेपेला मी साफ चुकले. दुकानदाराने पांढरे एलईडी दिले, म्हणाला काच लालच आहे ना, मग पांढरा टाका, जास्त उजेड. मलाही पटलं. घरी लावले तर ब्रेकलाइट गुलाबी! लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखा. नंतर कळलं ते असं, की पांढऱ्या एलईडीचा उजेड मुळात निळा असतो आणि वरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. त्यात लाल फार थोडा. लाल काच फक्त लालच पलीकडे सोडते, बाकीचा बहुतेक उजेड आतच मरतो. तारेच्या बल्बात लाल भरपूर असतो, म्हणून त्याला कुठलीही काच चालते. तेव्हा लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्या काचेमागे पिवळा, आणि पांढरा फक्त नंबरप्लेटवर.

दुसऱ्या खेपेला लाल आणले, तर निराळाच घोळ. मागच्या दिव्यात एकाच बल्बात दोन तारा असतात, पार्किंगची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. बुडाला दोन टिपके, म्हणून आपल्याकडे त्याला डबल कॉन्टॅक्ट म्हणतात. या दोन उजेडांत मोठा फरक असतो, म्हणून तर मागच्याला कळतं की पुढच्याने आत्ता ब्रेक दाबला. मी आणलेल्या स्वस्तातल्या एलईडीत तो फरक जेमतेम होता. रात्री पार्किंग लाइट लावून बघितलं तर ब्रेक दाबल्याचं मला स्वतःला ओळखू येईना. असा बल्ब तारेच्या बल्बापेक्षा वाईट. दिवसा बरा, रात्री घात करणारा. तो जोड मी परत केला.

तिसऱ्या वेळी मात्र शहाणी झाले होते. दुकानातच बॅटरीला लावून दोन्ही उजेड बघितले, आणि नुसत्या डोक्यावर दिवे असलेला बल्ब न घेता सगळ्या बाजूंनी दिवे असलेला घेतला. जुन्या दिव्याच्या मागे चकचकीत वाटी असते. तार चहूबाजूंना उजेड टाकते आणि वाटी तो गोळा करून मागे फेकते. उजेड फक्त समोर टाकणारा एलईडी बसवला तर वाटीला काही मिळतच नाही, काचेत मधोमध एक जळजळीत ठिपका आणि कडेला अंधार. आमच्या वाट्या काळवंडल्या होत्या, त्यांना चाचांनी चंदेरी स्प्रे मारून दिला. आता संपूर्ण काच भरून उजेड येतो.

इंडिकेटरने सगळ्यात जास्त दिवस खाल्ले. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर साधा पण हुशार. आत तापणारी पट्टी असते. दोन २१ वॅटच्या बल्बांचा साडेतीन अँपिअर करंट तिच्यातून गेला की ती तापून वाकते, जोड सुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. तीच ती टिक-टिक. एलईडीचा करंट इतका थोडा, की पट्टीला ऊबही येत नाही. चारही एलईडी लावून दांडी खाली केली तर दिवे लागले आणि लागूनच राहिले.

पुण्याच्या दुकानदाराने यावर रेझिस्टर दिले होते, सोनेरी रंगाचे, ६ ओहमचे. बल्बाला समांतर जोडायचे, म्हणजे फ्लॅशरला वाटतं जुना बल्बच आहे. चालतं, पण त्यातून २ अँपिअर वाहतो, म्हणजे २४ वॅट नुसती उष्णता. मी ते डिकीत तात्पुरते बांधले होते. आई म्हणाली, "कसला तरी वास येतोय गं." डिकीच्या चटईला नखाएवढं भोक पडलं होतं. त्याच संध्याकाळी काढून टाकले. मागच्याला दिसावं म्हणून दिवे बदलायचे आणि त्यासाठी डिकीत निखारा बाळगायचा, हे मला कदापि मान्य नाही.

खरा उपाय फ्लॅशरच बदलायचा. एलईडीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो. त्याला स्वतःची अर्थ लागते, म्हणून एक वायर जास्तीची ओढावी लागते. तो बसवला, आणि आता डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकायला लागले! यावर चाचा आणि मी दोन संध्याकाळी बसलो. माझ्या गाडीत डॅशवर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा आहे, आणि कधीकाळी कुणीतरी तो डाव्या-उजव्या वायरींच्या मध्ये जोडून ठेवलाय. डावीकडे करंट आला की तो हिरव्या दिव्यातून जाऊन उजवीकडच्या बल्बांमधून अर्थला पोचायचा. २१ वॅटच्या बल्बांना एवढ्याशा करंटने काही होत नसे. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. उत्तर अगदी छोटं निघालं. वन-एन-४००७ नावाचे दोन डायोड, रुपया-दोन रुपयांचे, दोन्ही बाजूंनी हिरव्या दिव्याकडे येणारे, आणि दिव्याचं दुसरं टोक सरळ अर्थला. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे परतीची वाट बंद. चाचांनी सोल्डरिंग केलं आणि नळी चढवता चढवता म्हणाले, "ताई, पन्नास वर्सं झाली मला या धंद्यात. हे आज शिकलो." मला त्या वाक्याचं फार अप्रूप वाटलं.

एक उणीव राहते ती सांगते. जुन्या फ्लॅशरचा ताल एखादा बल्ब उडाला की बदलायचा, आणि अण्णा लगेच म्हणायचे, "मागचा डावा गेला बघ." नव्याचा ताल काही झालं तरी तोच राहतो. त्यामुळे मी दर रविवारी गाडीभोवती एक फेरी मारते. आणि आवाज! पहिला फ्लॅशर मुका होता. वळून झाल्यावरही इंडिकेटर चालूच राहायचा आणि आई विचारायची, "बंद केलास का?" शेवटी आत रिले (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच) असलेला, टिक-टिक करणारा शोधून आणला. अगदी तोच आवाज नाही, पण आईला कळतो.

याच भरात मी एका रात्री डॅशबोर्डचे सगळे छोटे बल्बही बदलले, चार्जिंगच्या लाल दिव्यासह. दुसऱ्या दिवशी कराडला गेले. पाऊस होता, हेडलाइट आणि वायपर चालू. काम आटोपून परत सेल मारला तर नुसतं टक्. दोघा पोरांनी ढकलून दिली. बॅटरी चार्ज करायला आमच्या गाडीत अण्णांनी डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवला होता. आल्टरनेटरला चार्जिंग सुरू करायला सुरुवातीचा थोडा करंट लागतो आणि तो त्याच लाल दिव्याच्या बल्बातून येतो. एलईडीतून तेवढा करंट जाईना, म्हणून आल्टरनेटर जागाच झाला नाही, मी दिवसभर नुसत्या बॅटरीवर फिरत होते. तो दिवा तारेचाच ठेवा. इतर काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

त्या निमित्ताने डॅशचे बाकीचे बल्बही मी परत जुने लावले. पांढऱ्या उजेडात स्पीडोमीटर दवाखान्यासारखा दिसत होता. रात्री त्या डायलवर पडणारा पिवळा उजेड मागच्या सीटवर अर्धवट झोपेत बघत मी मोठी झालेय. शिवाय तो फक्त मला दिसायचा आहे, मागच्याला नाही.

हेडलाइटलाही मी एलईडी लावलेले नाहीत, आणि याबद्दल माझं मत पक्कं आहे. एक जोड मित्राकडून आणून बघितला होता, मागे पंखा असलेला. कंपाउंडच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावली. डाव्या हेडलाइटला जुना ६०/५५ वॅटचा हॅलोजन, उजव्याला एलईडी. हॅलोजनच्या डिपरला भिंतीवर स्पष्ट रेघ होती, खाली उजेड, वर अंधार. एलईडीला रेघच नव्हती, शेजाऱ्यांच्या पहिल्या मजल्याची खिडकी उजळली. हेडलाइटची वाटी आणि काच त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली असते. तार मिलिमीटरभर सरकली तरी झोत बिघडतो, इथे तर उजेडाचा आकारच वेगळा. पसरणी घाटात समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत तो मारायचा मला काय अधिकार?

त्याऐवजी रिले बसवले. मूळ वायरिंगमध्ये दोन्ही हेडलाइटचा नऊ अँपिअर करंट स्टिअरिंगखालच्या छोट्या स्विचमधून फिरून जातो आणि वाटेत व्होल्ट सांडत जातो. आता स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि बॅटरीपासून जाड वायर थेट हेडलाइटला. इंजिन चालू असताना बल्बावर आधी ११.२ व्होल्ट यायचे, आता १३.१. बल्ब तेच, रस्ता मात्र पहिल्यांदा दिसतोय असं वाटतं. स्विचही आता गरम होत नाही.

ज्यांची गाडी जुन्या ब्रिटिश वळणाची असेल त्यांनी एक बघून घ्यावं. त्यातल्या अनेकींत बॅटरीचा पॉझिटिव्ह चेसीला असतो. तिथे साधा एलईडी उलटा पडतो आणि लागतच नाही. दोन्ही दिशांनी चालणारा मागून घ्या. फियाटला निगेटिव्ह अर्थ, त्यामुळे माझी या एका भानगडीतून सुटका झाली.

एकही मूळ वायर मी कापलेली नाही. जुना फ्लॅशर आणि काढलेले बल्ब, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून, अण्णांच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. त्या डब्यात त्यांनी गुंडाळून ठेवलेले बल्ब अजून आहेत, त्यांच्या अक्षरात 'मागचा, डबल' असं लिहिलेले.

जानेवारीत सगळं जुळून आलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, ऊन डोक्यावर. आईला हाक मारली. ती गुडघ्याला हात लावत उठली, पायरीपर्यंत आली आणि सवयीने मागच्या काचेपाशी यायला निघाली, आडोशासाठी तळवे आधीच जुळवलेले. मी आत बसून ब्रेक दाबला. आरशात बघितलं तर ती पायरीवरच थबकली होती. तळवे तसेच हवेत.

"लागला," ती म्हणाली. "इथूनच दिसतोय की गं."